नादार व्यापारी आणि त्याच्या वकिलाची कर्तव्ये



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी दिवाळ्याचा विषय काढावा, हे कित्येकांना अप्रशस्त वाटण्याचा संभव आहे. परंतु जेथे व्यापार आहे तेथे नफ्याबरोबर तोटाही आहे, आणि व्यापारावर जगणाऱ्या समाजाने तोट्याचा विचार केवळ कुजबुजीत करावा, हे योग्य नव्हे. अमुक पेढी बसली, तमुक शेठ गाव सोडून गेले, अशा वार्ता प्रत्येक बाजारपेठेत केव्हा ना केव्हा ऐकू येतात. त्या शेठजींनी शेवटच्या काही महिन्यांत कोणाचा सल्ला घेतला आणि तो सल्ला कसा होता, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. वास्तविक, पुष्कळदा त्या सल्ल्यावरच त्या कुटुंबाचे पुढील आयुष्य अवलंबून असते.

'दिवाळे' या शब्दाविषयी जुनी माणसे एक गोष्ट सांगतात. देणे फेडणे अशक्य झालेला व्यापारी आपल्या पेढीवरील गादी उलटी करून भर दिवसा दिवा लावून ठेवीत असे, आणि त्यावरूनच हा शब्द रूढ झाला. शब्दाच्या व्युत्पत्तीचा निर्णय भाषापंडितांनी करावा. परंतु त्या प्रथेतील अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. दिवा लावणारा पळून जात नव्हता. आपली अवस्था तो सर्व धनकोंसमोर उघड करीत होता. आजच्या कायद्यातील नादारीचा अर्ज म्हणजे तोच दिवा होय, आणि तो लावण्यास साहाय्य करणे हे ऋणकोच्या वकिलाचे काम होय. मालमत्ता दडविण्यास साहाय्य करणे हे त्याचे काम नव्हे. आजच्या विवेचनाचा सारा आशय या दोन वाक्यांत सामावलेला आहे.

प्रथम कायद्याची चौकट पाहू. मुंबई, कोलकाता व चेन्नई या तीन शहरांसाठी १९०९ चा नादारी कायदा आणि उर्वरित मुलखासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा इंग्रजी अमदानीत झाला. पुढे २०१६ मध्ये संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता संमत केली. कंपन्यांची प्रकरणे तिच्यानुसार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे चालू लागली. याच संहितेत व्यक्ती व भागीदारी पेढ्यांसाठीही स्वतंत्र भाग आहे; परंतु १ डिसेंबर २०१९ पासून तो केवळ कंपनीच्या कर्जास व्यक्तिशः जामीन राहिलेल्या माणसांपुरता अमलात आणण्यात आला. कंपनीच्या कर्जावर 'नुसती सही' करणाऱ्या संचालकांनी व नातलगांनी हे विशेष लक्षात ठेवावे; सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही तरतूद वैध ठरविली आहे. स्वतःच्या नावाने दुकान चालविणाऱ्या तालुक्याच्या गावातील व्यापाऱ्यासाठी मात्र १९२० चाच कायदा राहिला. त्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात, किंवा शासनाने अधिकार दिलेल्या दुय्यम न्यायालयात, दाखल होतो. त्या कायद्याचे वय एवढे झाले आहे की अर्जासाठी लागणाऱ्या देण्याची किमान रक्कम त्यात ५०० रुपये आहे.

आता विषय समजण्यासाठी एका काल्पनिक व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ. एका तालुक्याच्या पेठेत त्याचे वडिलोपार्जित पठडीचे कापड दुकान आहे. साड्या, शर्टिंग-सूटिंग आणि लग्नाचा बस्ता हा मुख्य धंदा. २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली आणि ऐन लग्नसराईचा हंगाम बुडाला. माल गाठोड्यांत राहिला, उधारी खेड्यांत अडकली, व्याज मात्र थांबले नाही. त्यानंतरची काही वर्षे एकाचे घेऊन दुसऱ्याला देण्यात गेली. अखेरीस हिशेब मांडला तेव्हा चित्र असे दिसले. बँकेचे मालतारण कर्ज १५ लाख. सुरत, भिवंडी व मालेगाव येथील व्यापाऱ्यांचे देणे २२ लाख. नातलग व स्नेह्यांकडून घेतलेले ८ लाख, त्यांत विधवा बहिणीचे ३ लाख. कर आणि नोकरांचा पगार मिळून १ लाख. एकूण देणे ४६ लाख. उलट बाजूस दुकानातील माल १० लाखांचा, वसूल होईल अशी उधारी ६ लाख आणि राहते घर ८ लाखांचे. हा गृहस्थ एका सायंकाळी वह्यांचे गाठोडे घेऊन वकिलाकडे जातो. तेथून पुढे वकिलाची कर्तव्ये सुरू होतात.

पहिले कर्तव्य वकीलपत्रावर सही घेण्यापूर्वीचे आहे. लहान गावात एकच नामांकित वकील अर्ध्या बाजाराचे काम पाहत असतो. ज्या बँकेचे १५ लाख येणे आहे तिचेच दावे तो चालवीत असेल, किंवा एखाद्या मोठ्या धनकोला त्याने याच प्रकरणी सल्ला दिलेला असेल, तर ती गोष्ट त्याने प्रथमच स्पष्ट सांगितली पाहिजे. भारतीय वकील परिषदेने १९६१ च्या अधिवक्ता कायद्यान्वये केलेले आचारनियम तसे बंधन घालतात. एका पक्षाला सल्ला दिल्यावर त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षातर्फे उभे राहण्यासही ते मनाई करतात. घरोब्याच्या संबंधामुळे हे विचारण्याचा संकोच वाटतो. तो संकोच व्यापाऱ्यानेही बाळगू नये.

दुसरे कर्तव्य म्हणजे सर्व काही ऐकून घेणे आणि पाहणे. नादारीच्या दारात उभा असलेला माणूस लज्जेने अर्धेच सांगतो. बँकेचे व व्यापाऱ्यांचे देणे तो सांगतो, परंतु कोणाकडून हातउसने घेतले ते सांगत नाही; दुकानाची वही दाखवितो, घरातील छोटी डायरी दाखवीत नाही. चांगला वकील घाई करीत नाही. तो रोजमेळ, खतावणी, बँकेची पासबुके, दिलेले धनादेश, जामीनकीचे कागद आणि गेल्या काही वर्षांतील खरेदीखते व बक्षीसपत्रे मागतो. "शेठ, जे कोर्टात समोरचा वकील विचारणार आहे ते आज मला सांगा," असे तो म्हणतो. हे म्हणण्यास धैर्य लागते, कारण पक्षकार दुखावून दुसऱ्या वकिलाकडे जाण्याची शक्यता असते.

येथे गुप्ततेचे आश्वासन उपयोगी पडते. पक्षकाराने व्यवसायाच्या निमित्ताने वकिलाला जे सांगितले ते त्याच्या संमतीवाचून वकिलाने उघड करावयाचे नाही. पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १२६ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १३२ आहे. परंतु या संरक्षणाला एक मर्यादा आहे. बेकायदा हेतू पार पाडण्यासाठी केलेली बोलणी त्यात मोडत नाहीत, आणि काम हाती घेतल्यानंतर वकिलाच्या दृष्टीस पडलेला कपटाचा प्रकारही त्यात मोडत नाही. झालेली चूक वकिलाला सांगणे सुरक्षित आहे. होऊ घातलेल्या कपटात त्याला भागीदार करणे सुरक्षित नाही. हा भेद पहिल्याच बैठकीत समजावून देणे हे वकिलाचे कर्तव्य आहे.

तिसरे कर्तव्य, नादारीची खरोखरच आवश्यकता आहे काय, याचा विचार करणे. अर्ज केल्याने वकिलास काम मिळते, परंतु व्यापाऱ्यास प्रत्येक वेळी हित मिळतेच असे नाही. धनकोंना एकत्र बसवून हप्त्यांनी फेड करता आली तर तो मार्ग प्रथम पाहावा. या संदर्भात महात्मा गांधींच्या वकिलीतील एक प्रसंग स्मरणीय आहे. १८९३ मध्ये ते दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. दादा अब्दुल्लांचा त्यांच्याच नात्यातील तय्यब शेठ यांच्यावर ४० हजार पौंडांचा दावा होता. गांधीजींनी दोघांना लवादाकडे जाण्यास राजी केले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला आणि ३७ हजार पौंड व खर्च तय्यब शेठ यांच्या अंगावर आला. एवढी रक्कम एकदम देणे त्यांना अशक्य होते, आणि तेथील पोरबंदरच्या मेमन व्यापाऱ्यांत दिवाळ्यापेक्षा मरण बरे अशी भावना होती. गांधीजी जिंकलेल्या पक्षाचे होते. तरीही त्यांनी आपल्या पक्षकाराचे मन वळवून दीर्घ मुदतीचे हप्ते मान्य करविले. दोन्ही व्यापाऱ्यांची पत टिकली. दुभंगलेल्या पक्षांना जोडणे हेच वकिलाचे खरे कार्य, ही जाणीव आपल्याला तेथे झाली, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. धनकोच्या बाजूने असूनही एका तरुण वकिलाला हे साधले. ऋणकोच्या वकिलाने तर हा प्रयत्न अवश्य करावा.

१९२० च्या कायद्यातही तडजोडीला जागा आहे. आपले देणे सिद्ध केलेल्या धनकोंपैकी संख्येने बहुमत आणि रकमेने तीनचतुर्थांश यांनी मान्य केलेली योजना न्यायालय तपासते आणि मंजूर झाल्यास ती अशा सर्व धनकोंवर बंधनकारक होते. मात्र तडजोडीच्या बैठकीत मांडलेला आकडा खोटा असेल तर ती तडजोड नव्हे, ती फसवणूक होय.

चौथे कर्तव्य परिपूर्ण अर्ज तयार करणे हे आहे. अर्जात सर्व धनकोंची नावे, पत्ते व रकमा आणि सर्व मालमत्तेचा तपशील, किंमत व ठिकाण द्यावे लागते. ती मालमत्ता न्यायालयाच्या स्वाधीन करण्याची तयारी लिहून द्यावी लागते. 'सर्व' या शब्दाला येथे अपवाद नाही. गावातील वजनदार धनकोचे नाव त्याच्या भीतीने वगळणे, किंवा बहिणीचे नाव लाजेखातर वगळणे, दोन्ही चूक. ज्याचे नाव यादीत नाही त्याला कार्यवाहीची सूचना मिळत नाही आणि वाटपात भाग मिळण्यातही अडचण येते.

त्याचबरोबर कायद्याने जे कुटुंबासाठी राखून ठेवले आहे ते मिळवून देणे हेही वकिलाचेच काम आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे नेसूचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रूढीनुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने जप्त होत नाहीत. मंगळसूत्राकडे बोट दाखवून घरातील स्त्रीला घाबरविणाऱ्या वसुलीदाराला हे ठामपणे सांगणारा माणूस त्या कुटुंबाला हवा असतो. शेतकऱ्याच्या राहत्या घराला त्या कलमात विशेष संरक्षण आहे. व्यापाऱ्याच्या घराला ते नाही, हेही वकिलाने गोड शब्दांत न लपविता सांगावे. पत्नीचे स्त्रीधन ही तिची स्वतंत्र मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. परंतु स्त्रीधन म्हणजे खरोखर तिचे असलेले. अडचण दिसू लागल्यावर दुकानाच्या पैशाने घेऊन तिच्या पेटीत ठेवलेले सोने नव्हे. मुलांच्या बाबतीतही एक मोठी भीती अकारण असते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि तो कायदा जैन बांधवांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ नंतर बापाने केलेल्या कर्जासाठी केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाला न्यायालयात ओढता येत नाही. अर्थात मुलगा भागीदार किंवा जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी.

पाचवे कर्तव्य सर्वांत कठीण आहे, कारण येथे वकिलाला आपल्याच पक्षकाराला अडवावे लागते. आपल्या उदाहरणातील व्यापारी दोन प्रश्न विचारतो. पहिला, "घर मुलाच्या नावाने बक्षीसपत्र करून टाकू काय?" वकिलाचे उत्तर नकारार्थीच असले पाहिजे. अशा हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत नादारी झाली तर मोबदल्यावाचून दिलेली मालमत्ता रिसीव्हरला परत मिळविता येते. धनकोंना चुकविण्याच्या हेतूने केलेले हस्तांतर हे स्वतःच नादारीचे कृत्य ठरते. मग धनकोच न्यायालयात जातात. मागील तारखेचा स्टँप आणून देणारे लोक प्रत्येक कचेरीच्या आवारात भेटतात, असे म्हणतात. त्या वाटेने गेल्यास घर वाचत नाहीच, उलट तुरुंगाचे दार उघडते. हिशेबाच्या वह्या लबाडीने नष्ट करणे, खोट्या नोंदी करणे किंवा मालमत्ता दडविणे यासाठी नादारी कायद्यातच एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

दुसरा प्रश्न अधिक हृदयद्रावक आहे. "वकीलसाहेब, बाकीचे व्यापारी मोठे आहेत, ते सोसतील. माझ्या बहिणीला कोणी नाही. उधारीचे तीन लाख वसूल होत आहेत. ते तिला देऊन मग अर्ज करू." या विनवणीत लबाडी नाही, माया आहे. तरीही वकिलाने "देऊ नका" असेच सांगितले पाहिजे. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एका धनकोला इतरांपेक्षा झुकते माप देण्यासाठी केलेली फेड कायद्याच्या दृष्टीने रद्द होऊ शकते. रिसीव्हर त्या विधवेच्या दारी जाईल आणि तिने औषधपाण्यासाठी ठेवलेले पैसे परत मागेल. ज्या भावाने दिले त्याच्यावरही ठपका येईल. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की भिवंडीचा एखादा लहान यंत्रमागधारकही कोणाचा तरी भाऊ असतो, आणि त्याने विश्वासाने पाठविलेल्या गाठींतूनच ते तीन लाख आलेले असतात. बुडत्या पेढीतील शिल्लक ही एकट्या मालकाची राहत नाही. ती सर्व धनकोंची सामाईक होते. कायद्याच्या या तत्त्वामागे निष्ठुरता नाही, समानता आहे. कायद्याने स्वतः काही अग्रक्रम ठरवून दिले आहेत. शासनाचे देणे, आणि गुमास्ते व कामगार यांचा अर्जापूर्वीच्या चार महिन्यांतील पगार ठरावीक मर्यादेपर्यंत आधी द्यावयाचा असतो. त्यापलीकडे मालकाने आपल्या मनाचा क्रम लावू नये.

पक्षकाराने तरीही हट्ट धरला तर काय करावे? वकील परिषदेचे नियम सांगतात की वकील हा पक्षकाराचा केवळ मुखवटा नव्हे. पक्षकाराला अनुचित मार्गापासून परावृत्त करण्याचा त्याने शक्य तो प्रयत्न करावा आणि तो अनुचित वर्तन सोडीत नसेल तर त्याचे काम करण्यास नकार द्यावा. काम सोडावयाचे तेही योग्य कारणाने व पुरेशी सूचना देऊन; ऐन तारखेच्या दिवशी माणसाला वाऱ्यावर सोडून नव्हे.

येथे गांधीजींच्या वकिलीतील दुसरा एक प्रसंग आठवतो. एका हिशेबाच्या प्रकरणात लवादाचा निकाल त्यांच्या पक्षकारासारखा लागला होता. परंतु जमेची व नावेची बाजू उलटल्याने एक चूक राहून गेली होती, आणि ती पक्षकाराच्या फायद्याची होती. ती आपण होऊन कबूल करू नये, असे ज्येष्ठ वकिलांचे मत होते. गांधीजींनी ती कबूल करण्याचा आग्रह धरला, पक्षकारालाही तो पटला, आणि न्यायालयात त्यांनी स्वतः ती चूक मांडली. निकाल फिरला नाही. चूक दुरुस्त होऊन तो कायम राहिला. व्यापाऱ्याच्या वहीतील नोंद कोणत्या बाजूस आहे, यावर वकिलाचे चारित्र्य पारखले जाते, असा या प्रसंगाचा बोध आहे.

सहावे कर्तव्य अर्ज दाखल झाल्यानंतरचे आहे. अर्ज करून दिला, आता तारखा पडत राहतील, असे म्हणून चालत नाही. अर्ज स्वीकारला गेला की ऋणकोने सर्व हिशेबवह्या हजर कराव्या लागतात, येण्या-देण्याच्या याद्या द्याव्या लागतात, तपासणीस उभे राहावे लागते. नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते, आणि मुक्तता मिळेपर्यंत नव्याने मिळालेली मालमत्ताही तिकडेच जाते. त्या बदल्यात धनकोंना न्यायालयाच्या परवानगीवाचून स्वतंत्र दावे लावता येत नाहीत, आणि अटकेपासून संरक्षणाचा हुकूम मागता येतो. प्रामाणिकपणे देऊ न शकणारा ऋणको आणि देण्याची ऐपत असून न देणारा ऋणको यांत फरक करावा, केवळ दारिद्र्यामुळे कोणास दिवाणी तुरुंगात टाकू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केले आहे. दारात येऊन धमकावणाऱ्यास भिऊन आत्मघाताचे विचार करणाऱ्या माणसाला हा एक निर्णय वेळेवर सांगणारा वकील म्हणजे जीवनदाताच होय.

मात्र संरक्षणाच्या मर्यादाही त्याच वेळी सांगाव्यात. मालतारण घेतलेल्या बँकेचा तारणावरील हक्क अबाधित राहतो. न वटलेल्या धनादेशाची फौजदारी तक्रार ही वेगळी गोष्ट आहे. बाहेरच्या लोकांकडून जाहीर रीतीने ठेवी घेतल्या असतील तर महाराष्ट्रातील ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा लागू होऊ शकतो. मुक्तता मिळूनही शासनाचे देणे, कपटाने केलेले देणे आणि पोटगीचे देणे सुटत नाही. तसेच जामीनदारही सुटत नाही. ज्या मित्राने भल्या मनाने जामीनकी दिली त्याला ही गोष्ट वसुलीच्या नोटिशीतून कळावी, यासारखे दुःख नाही. मुक्ततेपूर्वी आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची उधारी घेणे हासुद्धा अपराध आहे. अशा नादारास आमदार-खासदार होता येत नाही, ही राज्यघटनेची तरतूद पुष्कळांना ठाऊक असते. ५० रुपयांची तरतूद मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

मुक्ततेचा अर्ज ठरलेल्या मुदतीत करणे ही वकिलाची फार मोठी जबाबदारी आहे. ती मुदत चुकली तर नादारी रद्द होऊन सारे धनको पुन्हा दारात उभे राहतात. मुक्तता देताना न्यायालय काय पाहते? बिनतारण देण्याच्या निम्मी, म्हणजे रुपयाला आठ आणे एवढी, मालमत्ता शिल्लक आहे काय. नसल्यास त्यास ऋणकोचा दोष आहे काय. मागील तीन वर्षांच्या वह्या रीतसर आहेत काय. आपण बुडालो हे कळल्यावरही त्याने धंदा रेटला काय. सट्टा, जुगार किंवा अवास्तव खर्च केला काय. आपल्या उदाहरणातील व्यापाऱ्याचा हिशेब करून पाहू. माल विकून बँकेचे १० लाख भागले तर तिचे ५ लाख बिनतारण राहतात. त्यात इतरांचे ३१ लाख मिळविले की ३६ लाख होतात. उलट घर व उधारी मिळून १४ लाख. म्हणजे रुपयाला सुमारे ३९ पैसे. आठ आण्यांची अट पुरी होत नाही. अशा वेळी तोटा टाळेबंदीमुळे झाला, स्वतःच्या बेजबाबदारीमुळे नव्हे, हे त्याला दाखवावे लागेल. ते दाखविणार कोण? त्याचीच खतावणी. ज्या वह्या फाडून टाकाव्यात असे त्याला रात्री वाटले होते, त्याच वह्या त्याच्या बाजूच्या एकमेव साक्षीदार आहेत. बाजूला सारलेली डायरी वकिलाने पहिल्या दिवशी आग्रहाने मागितली होती, त्याचे महत्त्व येथे कळते.

सातवे कर्तव्य शुल्काविषयीचे आहे. ज्याच्याकडे काही उरले नाही त्याच्याकडून शुल्क घेताना वकिलाने विवेक बाळगावा. रक्कम प्रथमच ठरवावी, तिची पावती द्यावी, आणि पक्षकाराच्या पैशाचा हिशेब वेगळा ठेवावा. निकालावर किंवा वाचलेल्या मालमत्तेवर टक्केवारी ठरविणे नियमांत बसत नाही. धनकोंपासून लपविलेल्या पैशातून शुल्क स्वीकारणे म्हणजे लपविण्यात सहभागी होणे. शुल्क थकले म्हणून पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा हक्क वकिलास नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिला. ज्या प्रकरणात वकिलाने काम केले त्यात लिलावास निघालेली मालमत्ता त्याने स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या नावाने विकत घेऊ नये, असाही नियम आहे. ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांनी जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना तेथे विनाशुल्क साहाय्य मिळते.

ही सारी कर्तव्ये कोणा परक्याने लादलेली वाटू नयेत. श्रावकाच्या सत्याणुव्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत त्यांत खोटा उपदेश करणे येते, खोटे लेख तयार करणे येते, दुसऱ्याची ठेव बळकावणे येते आणि विश्वासाने सांगितलेले गुपित फोडणेही येते. नादार व्यापाऱ्याच्या वकिलाने काय करू नये याची यादी करावयाची झाल्यास याहून वेगळी यादी करावी लागत नाही. तसेच, सल्ला घेणाऱ्यानेही वकिलाकडून या चार गोष्टींची अपेक्षा धरू नये.

अखेरीस त्या बहिणीकडे वळू. वाटपात तिला इतरांप्रमाणे रुपयाला ३५-३९ पैसे मिळतील, तेही विलंबाने. भावाच्या मनातील सल तेवढ्याने जाणार नाही. त्याला वकिलाने आणखी एक गोष्ट सांगावी, म्हणजे त्याचे कर्तव्य पुरे झाले. मुक्ततेनंतर कायदा त्याचे जुने देणे माफ करतो. परंतु ते फेडण्यास मनाई करीत नाही. पुढे दुसऱ्याच्या दुकानात मुनीम म्हणून उभे राहून, किंवा हातगाडीवर कपडे विकून, त्याने जे मिळविले त्यातून तो बहिणीचे पैसे देऊ शकतो, आणि मालेगावच्या व सुरतेच्या व्यापाऱ्यांचेही देऊ शकतो. तेव्हा कोणताही रिसीव्हर ते परत मागावयास येणार नाही. जे तीन महिन्यांपूर्वी चोरून द्यावे लागले असते, ते उजळ माथ्याने देता येईल. अशा रीतीने मुक्ततेनंतर फेड करणाऱ्या माणसाची पत पूर्वीपेक्षा वाढते, कमी होत नाही.

समाजातील ज्येष्ठांना एकच नम्र विनंती. एखादी पेढी अडचणीत आहे असे कळले तर त्या कुटुंबाला टाळू नये. प्रामाणिक वकिलाकडे त्याला लवकर पाठवावे, आणि शक्य असेल तर कोणीतरी सोबत जावे. दिवा लावण्याची वेळ कोणावरही न येवो. परंतु आली, तर तो स्वच्छ उजेडात लावण्याचे बळ त्याला मिळावे, एवढीच शुभकामना.

जय जिनेंद्र.